नगरपालिकेचे वीजबिल

(येथील वाचनालयाच्या व्याख्यानमालेत आमच्या संपादकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘हवामानबदल आणि नगरपालिका’ असा विषय चिटणीसांनी बाहेरच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिला आहे. तो वाचून काही मंडळी दारातूनच परत फिरली असतील तर मी त्यांना दोष देणार नाही. हवामानबदल म्हटले की दूरदेशीच्या परिषदा आठवतात आणि नगरपालिका म्हटले की दारापुढचे तुंबलेले गटार आठवते. या दोहोंचा मेळ घालण्याचा आपल्याकडील रूढ मार्ग म्हणजे 5 जूनचा वृक्षारोपण-समारंभ. गेल्या वर्षीच्याच खड्ड्यात या वर्षीचे रोप लावावयाचे, त्यावर झारीने पाणी घालतानाचे छायाचित्र काढावयाचे, आणि ते आमच्याकडे प्रसिद्धीसाठी पाठवावयाचे. आम्हीही ते छापतो, कारण छापले नाही तर चार नगरसेवक रुसतात.

मला आज त्या रोपाविषयी बोलावयाचे नाही. मला एका कागदाविषयी बोलावयाचे आहे. हा कागद दर महिन्याला पालिकेच्या हिशेब-खात्यात येतो, त्यावर शेरा पडतो, रक्कम भरली जाते किंवा थकते, आणि नंतर तो कोणी पाहत नाही. तो कागद म्हणजे पालिकेचे वीजबिल. आपल्या देशातील विजेचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग आजही कोळसा जाळून निर्माण होतो. एक युनिट वीज वापरली की कोठेतरी सुमारे 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आकाशात जातो. तेव्हा नगरपालिका पृथ्वीच्या तापात किती भर घालते हे जाणण्यासाठी कोणा शास्त्रज्ञाला पाचारण करण्याचे कारण नाही. बिलावरचे युनिट वाचता आले म्हणजे पुरे.

या बिलात सर्वांत मोठा वाटा कशाचा असतो? पुष्कळांचा समज असा की रस्त्यावरील दिव्यांचा. दिवे दिसतात, म्हणून ते मनात राहतात. परंतु ज्या गावाचे पाणी उंचावर चढवून आणावे लागते, तेथे खरी वीज खातो तो पंप. एक हजार लिटर पाणी 400 मीटर उंच चढवावयाचे तर निसर्गनियमानुसार किमान 1.09 युनिट वीज लागतेच. पंप आणि मोटार यांतील घट धरली तर ती दीड युनिटावर जाते. माणशी दररोज 135 लिटर पाणी असावे असे आपल्याकडील प्रमाण आहे. पाच माणसांच्या कुटुंबाला त्या हिशेबाने 675 लिटर, म्हणजे नळ उघडण्यापूर्वीच एका युनिटाचा खर्च झालेला असतो. आता नळापर्यंत पोचण्यापूर्वीच त्यातील तिसरा हिस्सा जमिनीत मुरत असेल, तर जे मुरते ते नुसते पाणी नव्हे. कोळसा जाळून, मालगाडीने वाहून, तारांतून आणून आपण तो रस्त्याखालच्या मातीत ओतत असतो. आणि वर पुन्हा तोच रस्ता खचला म्हणून नवी निविदा!

आपल्या बेळगावकरांना हे नवे सांगावयास नको. राकसकोपचे पाणी पुरेनासे झाले तेव्हा हिडकलकडे पाहावे लागले, आणि हिडकलचे पाणी पंपांनी चढवूनच आणावे लागते. याच शहरात 2008 च्या सुमारास जागतिक बँकेच्या साहाय्याने काही मोजक्या भागांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग झाला. बेळगाव, हुबळी-धारवाड आणि गुलबर्गा या शहरांतील सुमारे दहा टक्के लोकवस्ती त्यात आली. जुन्या नळवाहिन्या बदलल्या, घरोघर मापके बसवली, आणि गळती पुष्कळ घटली. चोवीस तास पाणी दिले म्हणजे लोक ते उधळतील ही भीती खोटी ठरली. दोन दिवसांनी पाणी येणार असले म्हणजे माणूस भांडीकुंडी भरून ठेवतो आणि नवे पाणी आले की जुने ओतून देतो. नळाचा भरवसा असला म्हणजे कोण साठवील? त्या प्रयोगाची चर्चा पाणी आणि पाणीपट्टी या दोनच अंगांनी झाली. त्यात विजेचा हिशेब होता हे मात्र फारसे कोणी बोलले नाही. आणि विजेशी आपले नाते काही कालचे नाही. गोकाकच्या धबधब्यावर 1887 साली वीज निर्माण झाली, तेव्हा या देशातील बहुतेक शहरांत रात्री कंदील लागत होते.

आता मी आपल्याला थोडे दूर नेतो. लंडनच्या नैर्ऋत्येस सरे परगण्यात वोकिंग नावाचे एक गाव आहे. त्याच्या हद्दीत आज सुमारे एक लाख लोक राहतात, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढे. एच. जी. वेल्सने मंगळावरील प्राणी पृथ्वीवर उतरविले ते या गावाच्या माळरानावर. आणि इंग्लंडात मशीद म्हणून मुद्दाम बांधलेली पहिली मशीद 1889 साली याच गावात उभी राहिली, तीही भोपाळच्या शाहजहान बेगमेच्या देणगीतून. एवढ्या गोष्टी सोडल्या तर त्या गावाला जगाने ओळखावे असे काही नव्हते.

या गावच्या कौन्सिलने 1990 साली ठरविले की आपल्या मालकीच्या इमारतींतील वीज-इंधनाचा खर्च कमी करावयाचा. त्या काळी हवामानबदल हा शब्द सभागृहांत रुळलेला नव्हता. त्यांनी आरंभी अडीच लाख पौंड वेगळे काढले. आपल्या पालिकेने तेवढ्याच उत्साहाने तेवढीच रक्कम काढली असती, हे मी मान्य करतो. फरक पुढे आहे. त्या पैशातून जी बचत होईल ती मोजावयाची, आणि ती सर्वसाधारण तिजोरीत जाऊ न देता त्याच निधीत परत टाकावयाची, असा त्यांनी नियम केला. पहिल्या वर्षी छपरांना उष्णतारोधक थर, दिवे, बॉयलर यांवर खर्च झाला. त्यातून वाचलेल्या पैशांतून पुढच्या वर्षीची कामे निघाली. म्हणजे कौन्सिलपुढे दर वर्षी हात पसरण्याची गरज राहिली नाही. आपल्याकडे बचत झाली की ती ज्या खात्याने केली त्याचेच अनुदान पुढल्या वर्षी तेवढ्याने कापले जाते. मग कोणता अधिकारी बचत करील? बचत करणाऱ्याला शिक्षा आणि उधळणाऱ्याला वाढीव तरतूद, हा आपल्या अंदाजपत्रकाचा अलिखित कायदा आहे.

वोकिंगचा हा नियम मला त्यांच्या सर्व यंत्रसामग्रीपेक्षा मोलाचा वाटतो. तथापि यंत्रेही पाहण्यासारखी होती. ॲलन जोन्स नावाचा एक अभियंता कौन्सिलच्या नोकरीत होता. त्याचे म्हणणे साधे होते. दूरच्या औष्णिक केंद्रात कोळसा किंवा वायू जाळला की निम्म्याहून अधिक उष्णता धुराड्यांतून आणि थंडावणीच्या पाण्यातून वाया जाते, आणि उरलेल्यातील काही अंश तारांत जातो. तेच इंजिन गावात बसविले, तर वीजही मिळेल आणि वाया जाणाऱ्या उष्णतेवर घरे व कचेऱ्या उबदार ठेवता येतील. 2001 च्या सुमारास गावाच्या मध्यभागी असे वायूवर चालणारे केंद्र सुरू झाले. कौन्सिलची कचेरी, एक हॉटेल आणि एक करमणूक-केंद्र यांना तेथून वीज, उष्णता, आणि उन्हाळ्यात त्याच उष्णतेवर चालणाऱ्या यंत्रांतून गारवा मिळू लागला. पुढे तेथील उद्यानात, पोहण्याच्या तलावाशेजारी, 200 किलोवॉटचा फ्युएल सेल बसला. असा व्यापारी उपयोगाचा फ्युएल सेल त्या देशात प्रथमच बसत होता. ही वीज नेण्यासाठी त्यांनी स्वतःच्या तारा टाकल्या. सरकारी निर्बंधांमुळे कौन्सिलला थेट भांडवल घालता येईना, तेव्हा 1999 साली थेम्सवे नावाची कंपनी कौन्सिलने काढली आणि एका डॅनिश कंपनीला भागीदार करून घेतले.

परिणाम काय झाला? 1991 ते 2004 या काळात कौन्सिलच्या मालमत्तांतील ऊर्जेचा वापर सुमारे 49 टक्क्यांनी आणि कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन सुमारे 77 टक्क्यांनी घटले. डिसेंबर 2002 मध्ये त्यांनी संपूर्ण गावासाठी हवामानबदलाचे धोरण मंजूर केले. ॲलन जोन्सला 2004 साली लंडनने आपल्याकडे बोलावून घेतले आणि पुढे सिडनीने. लक्षात घ्या, की हे काम ज्या कौन्सिलने केले तिच्या हाती ना वीजमंडळ होते ना कर बसविण्याचा मोठा अधिकार. राजधानीची आज्ञा होण्याची वाट पाहत ती बसली नाही, एवढेच.

येथे थांबलो असतो तर हे व्याख्यान एखाद्या सरकारी पुस्तिकेत शोभले असते. परंतु वोकिंगची पुढची हकीकत मी दडवून ठेवणे योग्य होणार नाही. ज्या कौन्सिलने अडीच लाख पौंडांचा पै-पैचा हिशेब ठेवला, त्याच कौन्सिलने पुढच्या काळात गावात 34 मजली मनोरे, हॉटेल आणि दुकाने उभारण्यासाठी सरकारी कर्जसंस्थेकडून कर्जावर कर्ज काढले. थेम्सवे समूहालाही, मुख्यतः घरबांधणीसाठी, मोठी कर्जे दिली. 7 जून 2023 रोजी कौन्सिलने आपण खर्च भागवू शकत नाही असे कायद्याने जाहीर केले. त्या वर्षीची तूट 120 कोटी पौंडांची, कर्ज सुमारे 180 कोटी पौंडांचे, आणि वर्षाचे मूळ उत्पन्न अवघे 1 कोटी 60 लाख पौंड! सरकारने आयुक्त नेमले. 2024 साली नागरिकांचा कर एकदम 10 टक्क्यांनी वाढला आणि नागरी सेवांवर कात्री चालली.

काही लोक म्हणतील, पाहा, हवामानाच्या नादी लागले आणि बुडाले. हे खरे नाही. ऊर्जेच्या कामाने नव्हे, मनोऱ्यांनी त्यांना बुडविले. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कौन्सिलच्या मालकीची कंपनी काढण्याची जी युक्ती ऊर्जेच्या कामी उपयोगी पडली, तिच्याच वाटेने पुढे कर्ज सभागृहाच्या नजरेआड वाढत गेले. एका चांगल्या कामासाठी उघडलेल्या दारातून दुसरे काय आत येते यावर कोणी पहारा ठेवला नाही. आपल्याकडेही ‘स्मार्ट सिटी’च्या नावाने स्वतंत्र कंपन्या निघाल्या. त्यांचे ठराव किती नगरसेवकांनी वाचले होते, हे त्यांनाच विचारा.

आणखी एक गोष्ट. वोकिंगचे इंजिन वायूवर चालत होते, आणि वायूही शेवटी भूगर्भातून काढलेले इंधनच. त्या देशाची वीज कोळशाची होती तोवर ते इंजिन फार चांगले दिसत होते. ब्रिटनमधील शेवटचे कोळशाचे वीजकेंद्र 30 सप्टेंबर 2024 रोजी बंद पडले, आणि आता त्या तुलनेतला नफा पुष्कळ ओसरला आहे. यंत्र जुने होते. मोजण्याची आणि वाचलेला पैसा राखण्याची सवय मात्र कोणत्याही यंत्राबरोबर चालते. म्हणून नक्कल करावयाची तर तिची करावी.

आता आपल्या माणसांकडे वळू. इंदूर हे होळकरांचे नगर, तेथील मराठी वस्ती आपल्याइतकीच जुनी. 1918 साली पॅट्रिक गेडिस या नगररचनाकाराने इंदूर दरबारला आपला अहवाल सादर केला. प्लेगच्या त्या दिवसांत त्याने दिवाळीची मिरवणूक योजली आणि जी आळी सर्वांत स्वच्छ असेल तिच्यातून ती जाईल असे जाहीर केले. लोकांनी घरेदारे झाडून काढली! पुढे त्याच शहरात अल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचऱ्यापासून खत करण्याची पद्धत बसविली. ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. 1931 साली त्यावर जो ग्रंथ निघाला त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीला यशवंत वाड यांचे नाव आहे. आज कचऱ्यासाठी इंदूरचा गौरव होतो तेव्हा वाडांचे नाव कोणी घेत नाही, म्हणून मी ते येथे मुद्दाम घेतो.

19 फेब्रुवारी 2022 रोजी इंदुरात दररोज 550 टन ओला कचरा पचवून त्यातून सुमारे 17 हजार किलो वायू काढण्याच्या योजनेचे उद्घाटन झाले. हा वायू शहराच्या बसगाड्यांना पुरवावा अशी कल्पना. कचऱ्याच्या ढिगात कुजून निघणारा मिथेन वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या 28 पट ताप देतो. तोच गाडीत जाळला तर ताप वाचतो आणि डिझेलही वाचते. परंतु असा कारखाना चालतो तो घराच्या उंबरठ्यावर. ओल्या कचऱ्यात प्लास्टिकची पिशवी आली की यंत्र अडते. इंदूरने आधी घरोघरचा कचरा वेगळा करून घेतला आणि मग यंत्र आणले. आपल्याकडे कित्येक गावांत यंत्र आधी आले, आणि आता त्यावर गवत उगवले आहे.

पण इंदूरचा खरा जड भार पाण्याचा आहे. 1970 साली इंदूरकरांनी आंदोलन केले ते नर्मदेच्या पाण्यासाठी. ते मिळाले. जलूद येथून सुमारे 70 किलोमीटर अंतरावरून आणि 400 मीटरांहून अधिक चढावरून ते आणावे लागते. आंदोलनाने पाणी मिळते, बिल मात्र दर महिन्याला येत राहते. आंदोलने करण्यात ज्याचे आयुष्य गेले असा मी बोलतो आहे, तेव्हा हे वाक्य कडवट वाटले तरी ऐकून घ्या. फेब्रुवारी 2023 मध्ये इंदूर पालिकेने जलूदच्या पंपांसाठी 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारण्याकरिता सामान्य नागरिकांना खुले असे हरित कर्जरोखे काढले. व्याज 8.25 टक्के. मूळ मागणी 122 कोटी रुपयांची होती, अर्ज सुमारे 720 कोटींचे आले, आणि पालिकेने 244 कोटी ठेवून घेतले. एवढ्या क्षमतेच्या प्रकल्पातून वर्षाला साधारण दहा कोटी युनिट वीज मिळावी असा माझा हिशेब आहे.

हेही कर्जच, असे कोणी म्हणेल. होय, कर्जच. परंतु मनोरे बांधण्याचे कर्ज आणि हे कर्ज यांत एक भेद आहे. मनोऱ्यातील दुकाने भाड्याने जातील की नाही हे देवाला ठाऊक. जलूदचा पंप उद्याही चालणार आणि त्याचे बिल उद्याही येणार, हे मात्र निश्चित आहे. जे बिल येणारच, ते कमी करण्यासाठी काढलेले कर्ज त्याच बिलातून फिटू शकते. अर्थात फेडीचा पैसा दुसरीकडे वळविला नाही तर!

ही अट किती अवघड आहे हे दिव्यांच्या बाबतीत दिसले. जानेवारी 2015 मध्ये केंद्र सरकारने रस्त्यावरील दिवे बदलण्याची योजना काढली. पैसा सरकारी कंपनीने घालावयाचा, एलईडी दिवे बसवावयाचे, आणि पालिकेने वाचलेल्या बिलातून तो फेडावयाचा. देशभर सव्वा कोटीहून अधिक दिवे बदलले आणि त्या दिव्यांची वीज सुमारे निम्म्यावर आली. म्हणजे तंत्र यशस्वी झाले. पण अनेक पालिकांनी कंपनीचे पैसे थकविले, कारण वाचलेली रक्कम कोठल्या तरी दुसऱ्या भोकात गेली होती. मग कंपनीची दुरुस्ती सैल पडली आणि जळालेले दिवे खांबावर तसेच लोंबत राहिले. वोकिंगचा तो एक नियम येथे असता, तर यातले काही घडले नसते.

सुरतेचे उदाहरण एका वाक्यात सांगतो. तेथील महापालिकेने 2003 साली सांडपाणी-शुद्धीकरण केंद्रातल्या वायूवर वीज निर्माण करून तीच वीज ते केंद्र चालविण्यास वापरली, आणि ऊर्जेसाठी स्वतंत्र कक्ष नेमला.

आपल्याला काय करता येईल? ऑगस्ट 2019 मध्ये बेळगाव, कोल्हापूर आणि सांगलीत पाणी घरांत शिरले, तेव्हा ते सीमारेषा विचारून शिरले नाही. पावसाचे दिवस कसे बदलत आहेत हे आपले शेतकरी माझ्यापेक्षा अधिक जाणतात. आपल्या एका पालिकेने वीज वाचविली म्हणून पंचगंगेचा पूर ओसरेल असे सांगण्याइतका मी भोळा नाही. परंतु वाचलेल्या पैशांतून नाले रुंद होतील, उन्हाळ्यात पाणी एक दिवस आधी येईल. ते आपल्या हाती आहे.

त्यासाठी आधी पालिकेला काही प्रश्न विचारावे लागतील. प्रत्येक पंपावर स्वतंत्र मापक आहे काय, आणि ते चालू आहे काय? एक हजार लिटर पाणी टाकीत पडण्यास गेल्या वर्षी किती युनिट लागले? मंजूर भाराहून अधिक वीज ओढल्याबद्दल आणि पॉवर फॅक्टर घसरल्याबद्दल किती दंड भरला? हा दंड म्हणजे निव्वळ आळसाची किंमत. कपॅसिटर वेळेवर बदलला असता तर त्यातला बराचसा टळला असता. शाळा, दवाखाना आणि मंडई यांच्या छपरांचे क्षेत्रफळ किती? दिवे बदलल्यावर जी रक्कम वाचली ती कोणत्या खात्यात जमा आहे?

माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची असते. अंदाजपत्रकाची सभा फेब्रुवारी-मार्चात भरेल. तेव्हा अर्ज डिसेंबरातच गेला पाहिजे, म्हणजे उत्तर टाळले गेल्यास अपिलाला वेळ राहील. वॉर्डावॉर्डांतून दोन-दोन तरुण यासाठी पुढे आले तर बारा महिन्यांची बिले मांडून पाहण्याचे काम याच वाचनालयात बसून एका रविवारी होईल. मिळालेले आकडे आम्ही जसेच्या तसे छापू, मग ते कोणत्याही पक्षाच्या नगरसेवकाला बोचोत. ज्यांना नावे द्यावयाची असतील त्यांच्यासाठी चिटणीसांच्या टेबलावर वही ठेवली आहे. अध्यक्षमहाराज, श्रोत्यांतून दोघातिघांनी हात वर केलेले दिसतात. त्यांच्या प्रश्नांना वेळ मिळावा म्हणून मी खाली बसतो.